मिलोची भाकरी

आज नातवानं अर्धी भाकरी ताटात तशीच टाकली. मी काही बोललो नाही, उचलली आणि खाल्ली.

१९७२चा दुष्काळ. मी सात वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडत. आई ओल्या बोटानं एकेक चीर सांधत बसे. एकदा मी चव आवडेना म्हणून तुकडा चुलीमागे भिरकावला. आई रागावली नाही. तिनं तो उचलला, राख फुंकली आणि माझ्यासमोर खाल्ला.

तिचं ते फुंकणं अजून कानात आहे.