दिल्लीचा बेत आणि देवगिरीचा नकाशा

राजधानीच्या शहराची सहल आखताना बहुतेक कुटुंबे आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात आणि मग ती उपलब्ध दिवसांत बसवतात. छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाला मात्र दिल्लीचा बेत वेगळ्या क्रमाने आखता येतो, किंबहुना त्याने तो तसाच आखावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत स्वतःच्या कुटुंबाच्या दिल्लीप्रवासाची तयारी करताना बनले. या शहराचा आणि दिल्लीचा संबंध सातशे वर्षांहून जुना असून त्याचे अर्धे पुरावे दौलताबाद, खुलताबाद आणि शहराच्या तटाच्या आत आहेत, तर उरलेले अर्धे दिल्लीत विखुरलेले आहेत. म्हणून घरचा अर्धा भाग आधी डोळसपणे पाहून मग गाडीत बसणारा प्रवासी दिल्लीत जे पाहील ते दोन दिवसांच्या ठरावीक बससहलीत हाती लागणारे नाही.

शहराच्या उत्तर बाजूच्या वेशीचे नावच दिल्ली दरवाजा आहे. तटबंदीच्या शहरांत दरवाजाला बहुधा त्यातून निघणारा रस्ता ज्या गावाकडे जातो त्या गावाचे नाव देत. शाहजहानने वसवलेल्या दिल्लीतले अजमेरी आणि काश्मिरी दरवाजे याच पद्धतीचे, आणि इथला पैठण दरवाजाही त्याच पद्धतीचा. रोज या दरवाजाखालून ये-जा करणाऱ्या शाळकरी मुलांना ही पद्धत समजावून सांगितली, की दिल्लीचा नकाशा वाचण्याचा निम्मा अभ्यास तिथेच होतो, असा अनुभव या तयारीत आला.

बेताचा खरा गाभा तुघलकांचा आहे. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने १३२७च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तिथे राजधानी हलवली, आणि पुढे काही वर्षांनी हा प्रयोग सोडून दिला. शालेय पुस्तकांत ही घटना एका लहरी राजाचा वेडेपणा म्हणून येते. आधुनिक इतिहासकार मात्र तिच्याकडे दख्खनवर ताबा टिकवण्याचा राजकीय प्रयत्न म्हणून पाहतात, आणि दिल्लीची सगळी प्रजा हाकलून नेली गेली नसून मुख्यतः अमीर-उमराव, धर्मपंडित आणि सूफी यांना हलवण्यात आले, असे मानतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीचे सांगितले आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडे असल्यामुळे वाटसरूला बागेतून चालल्यासारखे वाटते आणि वाटेत ठिकठिकाणी डाकेचे टप्पे आहेत, असे वर्णनही त्याने केले आहे. राजधानीच्या प्रवासाचे इतके तपशीलवार नियोजन झालेला हा मार्ग आपल्या गावापर्यंत येत होता, ही गोष्ट येथील मुलांना दिल्लीला नेण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे. ती ऐकून गेलेले मूल तुघलकाबादच्या ओसाड तटासमोर कंटाळत नाही.

या कारणाने बेतात तुघलकाबादला अर्धा दिवस दिला गेला, जरी नेहमीच्या सहलींत ते ठिकाण सहसा नसते. गियासुद्दीन तुघलकाने १३२१नंतर बांधवलेला हा किल्ला, समोरची त्याची उतरत्या भिंतींची कबर, आणि जवळच त्याच्या मुलाने, म्हणजे दौलताबादला येणाऱ्या मुहम्मदाने, उभारलेला आदिलाबादचा छोटा किल्ला एकत्र पाहता येतात. मेट्रोचे तुघलकाबाद नावाचे स्थानक किल्ल्याच्या दाराशी नाही, तिथून रिक्षा करावी लागते, हे आधी कळले नाही तर गुडघेदुखीचा त्रास असलेल्या आजींसारख्या प्रवाशाचे हाल होतात. त्याच दिवशी दुपारी कुतुब मिनार ठरवला. तिथला अलाई दरवाजा १३११चा, म्हणजे १२९६मध्ये देवगिरीवर चालून येऊन यादवांची अमाप संपत्ती नेणाऱ्या अलाउद्दीन खलजीचा. त्याच आवारात त्यानेच आरंभलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या मिनाराचा खडबडीत बुंधा दिसतो. ज्याने बहमनी काळातला दौलताबादचा चांदमिनार पाहिला आहे, त्याला कुतुबच्या तुलनेत दख्खनी मिनाराचा घाट किती वेगळा आहे हे लगेच जाणवते.

दुसरी जोडी खुलताबादची आहे. दिल्लीतले सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब हे तुघलकी स्थलांतराच्या काळात दख्खनला आले आणि खुलताबादला दफन झाले. निजामुद्दीन यांची संभाषणे लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी हाही खुलताबादलाच आहे. अशा संभाषणसंग्रहाला मलफूजात म्हणतात, आणि हसनचा ‘फवाइद-उल-फुआद’ हा त्यातला सर्वांत मान्यवर ग्रंथ होय. गुरू दिल्लीत आणि त्यांचे शब्द टिपणारा आपल्या डोंगरावर, हे ध्यानात ठेवून निजामुद्दीनच्या गल्लीत शिरावे. तिथे गुरूच्या पायाशी अमीर खुस्रो विसावला आहे. गल्लीपासून हाकेच्या अंतरावर हुमायूनची कबर आहे, आणि इथे संभाजीनगरकर प्रवाशाला एक दुर्मीळ लाभ होतो. सोळाव्या शतकातली हुमायूनची कबर, आग्र्याचा ताजमहाल, आपला १६६०-६१चा बीबी का मकबरा आणि १७५४ची सफदरजंगची कबर ही एकाच वास्तुकल्पनेची साखळी आहे: चौकोनी चारबाग, म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली बाग, उंच चौथरा आणि मध्ये घुमट. या साखळीतला तिसरा दुवा ज्याच्या घराजवळ आहे त्याने पहिला आणि चौथा दुवा एकाच दिवशी पाहावा. मकबऱ्याला ताजची फिकी नक्कल म्हणण्याची सवय त्यानंतर आपोआप सुटते, कारण या परंपरेतली प्रत्येक इमारत आधीच्या इमारतीशी बोलत उभी राहिली आहे हे दिसू लागते.

हैदराबादच्या निजामांच्या काळाचे धागेही बेतात घेतले, पण थोडक्यात. पहिला निजाम आसफजाह खुलताबादला दफन आहे आणि त्याचे वडील गाजीउद्दीन खान दिल्लीच्या अजमेरी दरवाजाजवळच्या मदरशाच्या आवारात. इंडिया गेटजवळचे हैदराबाद हाऊस लुट्यन्सने शेवटच्या निजामासाठी उभारले, तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानाचा भाग होता आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत राहिला. आज ती वास्तू सरकारी पाहुण्यांसाठी वापरली जात असल्याने बाहेरूनच पाहावी लागते.

घरातील ज्येष्ठांनी एका ठिकाणासाठी आग्रह धरला, आणि तो सर्वांत योग्य होता. ते ठिकाण म्हणजे २६, अलीपूर रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी याच निवासस्थानी महापरिनिर्वाण झाले, आणि तिथे आता उघड्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या, आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. बाबासाहेबांनी १९५०मध्ये ज्या शहरात महाविद्यालय सुरू करून त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले, त्या शहरातून दिल्लीला जाणाऱ्याने हे स्मारक वेळ उरला तर पाहू अशा रकान्यात टाकणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. नागसेनवनात, म्हणजे या महाविद्यालयाच्या परिसरात, शिकून मराठवाड्यातील किती घरांची पहिली पिढी नोकरीधंद्याला लागली, याची जाणीव असलेल्या माणसाला दिल्लीत याहून जवळचे ठिकाण नाही. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरचे सिव्हिल लाइन्स स्थानक त्यासाठी सोयीचे आहे.

दिवसांची जुळणी वारांवर अवलंबून असते. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, तर कुतुब, हुमायूनची कबर आणि तुघलकाबाद सोमवारीही खुले असतात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस दुपारी शहरातून निघून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते. म्हणून शनिवारी निघावे, रविवारची संध्याकाळ इंडिया गेटच्या परिसरात घालवावी आणि सोमवार दक्षिण दिल्लीच्या स्मारकांना द्यावा, अशी मांडणी झाली. विमानाने हेच अंतर दोन तासांत कापता येते. पण दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडत मनमाड, भुसावळ, भोपाळ, ग्वाल्हेर पाहत जाण्यात चाळीस दिवसांच्या त्या जुन्या वाटेचा थोडा तरी अंदाज येतो. नव्वदच्या दशकात लोहमार्ग रुंद होईपर्यंत इथल्या माणसाला मनमाडला गाडी बदलावी लागे, आणि जुन्या पिढीच्या आठवणींत दिल्लीची सुरुवात मनमाडच्या फलाटावर होते. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. ऋतूचा प्रश्न अधिक अवघड असून मे महिन्यात ऊन, दिवाळीनंतर धूर, डिसेंबर-जानेवारीत धुक्याने खोळंबणाऱ्या गाड्या, असे तीन अडथळे आहेत. फेब्रुवारी सर्वांत उत्तम, राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यानही बहुधा त्याच सुमारास खुले होते. पण मुलांच्या परीक्षा तोंडावर असल्याने शाळेतून चार-पाच दिवसांची रजा मागण्याचे धैर्य पालकांना दाखवावे लागते, आणि ते दाखवावे.

उरलेल्या एका दिवसासाठी आग्रा की पानिपत, असा वाद घरात झाला. मुलांना ताजमहाल हवा होता. पानिपतच्या बाजूने मांडलेला मुद्दा असा होता की मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला निजामाचा पराभव केला आणि त्या तहात दौलताबादचा किल्लाही मराठ्यांकडे आला; त्यानंतर महिनाभरात परतूरहून त्यांची फौज उत्तरेकडे निघाली. परतूर हे सचखंडच्याच लोहमार्गावरचे, नांदेडहून येताना जालन्याच्या अलीकडचे स्थानक. त्याच फौजेने ऑगस्टमध्ये दिल्ली जिंकली आणि पैशाची चणचण इतकी, की लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. ते छत जिथे होते ती जागा मंगळवारी पाहायची आणि बुधवारी काळा आंबच्या स्मारकाकडे जायचे, जिथे या फौजेची मोहीम १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत संपली, असा क्रम लागला. दिल्लीहून पानिपत नव्वद किलोमीटरच्या आसपास असल्याने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते, आणि मुलांची समजूत आग्रा स्थानकावर गाडी थांबते तेव्हा पुढच्या वर्षीचा शब्द देऊन घालायचे ठरले.