तिकीट आणि तालीम

आमच्या गोव्यात दिवाळी सरली की नाटकांचे दिवस येतात. जत्रा, काले, सप्ताह, आणि शेवटी शिगमो. देवळासमोर मंडप उभा राहतो, पडदे भाड्याने येतात आणि वाड्यावरचा पोस्टमन रातोरात औरंगजेब होतो. हे तुम्हांला सांगायला नको. पण आपल्याला जे फुकट मिळतं त्याचं मोल बाहेरच्या माणसाने विचारल्याशिवाय कळत नाही. मला ते विचारलं गेलं थेट माळव्यात, हाटपिपल्याला.

हाटपिपल्या हे मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातलं गाव. माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचं गाव, एवढीच माझी माहिती होती. माझी मावसबहीण तिथे दिली आहे. काळी जमीन, सोयाबीन, गहू, आणि गल्लीत मराठी घर हे एकच. सासरे सत्तरी ओलांडलेले, पण नाटकवेडे. इंदूरच्या 'सानंद'चे ते जुने सभासद. नाटक असलं की दुपारीच गाडी काढायची, इंदूर गाठायचं आणि मध्यरात्री परत यायचं. मी गेलो त्या आठवड्यात नाटक होतं, म्हणून मलाही गाडीत बसवलं.

'सानंद'ची पद्धत बघण्यासारखी आहे. सभासदांचे पाच गट आहेत. त्यातल्या एका गटाला रामूभैया दात्यांचं नाव, एकाला राहुल बारपुत्यांचं. रामूभैया म्हणजे अरुण दाते यांचे वडील, इंदूरचे नामांकित रसिक. आणि बारपुते हे 'नई दुनिया' या हिंदी दैनिकाचे संपादक. हिंदी संपादकाच्या नावाने मराठी प्रेक्षकांचा गट, हे इंदूरलाच शोभतं. मुंबई-पुण्याचं नाटक येतं, आणि शनिवार-रविवार मिळून त्याचे पाच प्रयोग होतात. विद्यापीठाचं खंडवा रोडवरचं सभागृह भरलेलं. मध्यंतरात मराठीतून चाललेली कुजबूज, "बघून राहिलो", "येऊन राहिले" अशा इंदुरी वळणाची. मला तर सगळ्यांचा हेवा वाटला. इतक्या शिस्तीने नाटक बघणारी माणसं गोव्यात शोधावी लागतील. आमच्याकडे तर ऐन मरणाच्या प्रवेशात कोणीतरी चणे-खाज्यांची पुडी सोडतं.

पण माझं लक्ष शेजारच्या खुर्चीवर होतं. तिथे बहिणीचा मुलगा बसला होता, वय अकरा. विनोद झाला की सभागृह हसायचं, मग तो आजोबांकडे बघायचा आणि मग हसायचा. दर वेळी. शाळा हिंदी-इंग्रजी, गल्ली माळवी, घरात मराठी आहे पण जेवणापुरती. त्याला नाटक आवडत नव्हतं असं नाही. त्याच्यासाठी ते एक पाऊल मागून येत होतं, एवढंच.

परतताना गाडीत सासऱ्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे वर्षाला किती पडतात?"

म्हटलं, "काही नाही. नाटक फुकट."

"मग कंपनी कशी परवडते?"

"कंपनी नाहीच. गावचेच लोक करतात."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग माचबद्दल बोलायला लागले. माच हा माळव्याचा लोकनाट्यप्रकार. होळीच्या दिवसांत उंच मंचावर रात्रभर चालायचा, ढोलक-सारंगीच्या साथीवर, गाण्यांतून. बायकांची कामं पुरुषच करत. आधी भिश्ती येऊन पाणी शिंपडल्यासारखं करतो, मग फर्राशन जाजम अंथरते, आणि मग खेळ सुरू. मला आमच्या काल्यातला संकासूर आठवला. राजा येण्याआधी मंच ताब्यात घेणारी माणसं सगळीकडे सारखीच! उज्जैनच्या ओमप्रकाश शर्मा यांना माचसाठी 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले होते म्हणे. "माच लोकांनी स्वतः केला," ते म्हणाले, "मराठी नाटक आम्ही बसून बघितलं." हे त्यांनी स्वतःच्या घराबद्दल म्हटलं, हे सांगायला हवं. इंदूरला बाबा डिके यांची 'नाट्यभारती' होती, तिथल्या मराठी लोकांनी नाटकं बसवलीही. पण ते इंदूर.

गोव्याचं कोडं उलटं आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो. मराठी आमच्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडात आली ती मंचावरून. मी स्वतः 'परंतु' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो एका ऐतिहासिक नाटकात, सेवकाच्या कामात. तालमीला प्रॉम्प्टर आणि पेटीवाला दोघंही माझ्या उच्चारांवर तुटून पडत. 1970 मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आणणारी गोवा हिंदू असोसिएशन मुंबईत असली तरी मुळात गोंयकारांचीच ना? ती काही आभाळातून पडली नाही. तिच्यामागे देवळापुढच्या रात्री आहेत असं मी मानतो.

आता आमच्या वाड्यावर तालमीला माणसं जमत नाहीत. कोणी वेर्ण्याला पाळीत, कोणी बोटीवर, बाकीचे मोबाईलवर. मग गेली काही वर्षं एका रात्रीचं नाटक बाहेरून ठरवून आणतात. छान असतं, हशा होतो, सकाळी पडदे जातात. त्यात वाड्यावरच्या एकाही पोराच्या तोंडात एक वाक्य शिल्लक राहत नाही. म्हणजे इंदूरसारखं झालं म्हणावं, तर इंदूरचा माणूस निदान वर्गणी भरून, रात्रीचा प्रवास करून येतो!

यंदा दुसऱ्या रात्रीचं नाटक आम्हीच करायचं ठरवलं आहे. जत्रा नाताळच्या सुट्टीत येते आणि बहीण माहेरी येणार आहे. मंडळाला विचारून मी भाच्यासाठी दवंडीवाल्याचं काम मागून घेतलं. चार वाक्यं. मोठ्या अक्षरांत लिहून फोटो पाठवला. आजोबा रोज रात्री जेवणानंतर पाठ करून घेतात, आणि रविवारी मला फोनवर ऐकवतात. 'ऐका हो ऐका' खणखणीत येतं. 'ळ' अजून 'ल'च्या आसपास घुटमळतो.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मामा, दवंडी म्हणजे मुनादीच ना?"

म्हटलं, "हो रे, तीच."

"मग ढोल मीच वाजवणार का, की दुसरं कोणी?"

हे मंडळाला अजून विचारायचं आहे.