रस्त्यापलीकडचा पुश्किन

वडिलांनी लोकवाङ्मय गृहातून आणलेल्या एका रशियन पुस्तकात मॉस्कोच्या पुश्किनची दोन छायाचित्रं होती आणि ती काही केल्या एकमेकांशी जुळत नसत. एकात पुतळ्यासमोर मठाचं उंच घंटाघर. दुसऱ्यात मठच गायब, आणि कवी भलतीकडे तोंड करून.

उलगडा झाला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, भाषा शिकायला तिथे गेल्यावर. ओपेकुशिननं घडवलेला हा पुतळा लोकवर्गणीतून १८८० मध्ये उभा राहिला, त्वेरस्काया रस्त्याच्या अलीकडे. त्या सोहळ्यातलं दस्तयेवस्कीचं भाषण आम्हाला अभ्यासाला होतं. पुढे समोरचा स्त्रास्तनॉय मठ पाडला गेला. १९५० मध्ये पुतळा उचलून रस्त्यापलीकडे मठाच्या जागी नेला आणि त्याचं तोंड फिरवलं. तेव्हापासून हा गृहस्थ, हॅट पाठीमागे धरून, मान झुकवून, आपल्याच जुन्या जागेच्या दिशेनं उभा आहे. सरकारी बदलीत इतकी थट्टा क्वचितच साधते!

आमच्या बाईंना मात्र या हलवाहलवीपेक्षा चौथऱ्यात रस. १८८० मध्ये त्यावर कोरल्या गेल्या त्या पुश्किनच्याच, पण झुकोव्स्कीनं सेन्सॉरच्या धाकानं मवाळ केलेल्या ओळी. स्वातंत्र्याचा उच्चार असलेल्या मूळ ओळी तिथे आल्या त्या पुश्किनच्या मृत्यूच्या शताब्दीला, १९३७ च्या सुमारास. म्हणजे स्टालिनचं अटकसत्र ऐन भरात असताना. ग्लासनोस्त येऊनही बाई हे सांगताना सवयीनं आवाज उतरवत. ५ डिसेंबर १९६५ ला सिन्याव्स्की आणि दानिएल या लेखकांवरचा खटला उघडपणे चालवा, असं म्हणत माणसं याच पुतळ्यापाशी जमली होती. जागा बदलली, तरी जमायचं कुठे हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मी असतानाच, जानेवारी १९९० मध्ये, चौकाच्या पलीकडल्या अंगाला मॅकडोनाल्ड्स उघडलं. त्या थंडीतली रांग मी पाहिली. बर्गर मात्र मला बेचवच लागला. २०२२ मध्ये ते दुकान गेलं आणि तिथेच नव्या नावानं बर्गर सुरू झाले.

त्याच वर्षी मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात आपल्या अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा बसला. १९६१ मध्ये रशिया पाहून येऊन प्रवासवर्णन लिहिणारे अण्णाभाऊ. तो पुतळा अजून पाहिलेला नाही. तिकडे निघालेल्या भाचीला म्हटलं, फोटो काढशील तेव्हा मागची इमारतही येऊ दे.