वंगण

आमचा खारदांडा समुद्राला लागून आहे. येथील खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या टेम्पोच्या चाकांना तर खारे पाणी रोजच लागते.

शाळेच्या वाटेवर एका उस्तादांचे गॅरेज आहे. उस्ताद आधी ग्रीसचे निपल फडक्याने पुसतात. नाहीतर त्यावरची वाळू आत जाईल. मग ते ग्रीसगन लावून दाबतात. जुने, काळे ग्रीस बाहेर येते. स्वच्छ ग्रीस दिसले की त्यांचा हात थांबतो. जास्त दाबले तर सील फाटते.

नुसते तेल वाहून जाते. साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेल म्हणजे ग्रीस. ते जागेवर टिकते. त्यामुळे बेअरिंगची झीज कमी होते आणि पाणीही सहसा आत शिरत नाही. पूर्वी शेतकरी बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, तेही झीज टाळण्यासाठीच.

बेअरिंग अडकले तर टेम्पो वाटेतच थांबतो, मासळी नासते आणि कोळी मावशींची दिवसाची कमाई बुडते.

मी एकदा विचारले, ‘‘उस्ताद, हे काम कोणाला दिसतही नाही. मग एवढी काळजी कशाला?’’

ते म्हणाले, ‘‘मास्तर, दिसत नाही म्हणूनच!’’

मुलांनो, तुमच्या सायकलीचे चाक कुरकुरते का? आज जरा कान देऊन ऐका.