दळण टाकायला

धुळ्यात आमचं घर गल्ली नंबर ६ मध्ये. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं नवं धुळे वसवलं ते सरळ रेघा मारून. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की पार दुसरं टोक दिसतं. सकाळी दूध, संध्याकाळी पाचकंदीलला भाजी, मंगळवारी पांझरेचा पूल ओलांडून एकवीरा देवी. वाटेत कुणीतरी हटकणारच, "कथा चालनात भाऊ?" उत्तर तयार असायचं: दळण टाकाले, देवीले. 'फिरायला' असं मी ५८ वर्षांत एकदाही म्हटलं नसेल.

निवृत्त झालो आणि जळगावला मुलाकडे आलो. अंतर नव्वदेक किलोमीटर. खाणंही तेच: कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी. घर मात्र महामार्गापलीकडच्या नव्या कॉलनीत. दूध दारात, भाजीची गाडी दारात, दळण मुलाच्या डिकीतून. एकदा हौसेनं चौकापर्यंत चालत निघालो. फुटपाथ नाही, कडेला खडी, अंगावरून ट्रक. परत आलो तो पुन्हा गेलो नाही. एप्रिल-मेत पारा ४४-४५ वर गेला की नऊनंतर गेटबाहेर डोकावणंही नको. सावलीला एक झाड नव्हतं.

दोन वर्षांनी डोळ्यांच्या ऑपरेशनआधी तपासण्या केल्या. उपाशीपोटी साखर ११८, ट्रायग्लिसराइड्स २१०, रक्तदाब १३८/८८. वजन दोनच किलो वाढलेलं, म्हणून मी निर्धास्त होतो. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलंही नाही. कमरेला टेप लावली. ९७ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची आणि बायकांना ८० ची मर्यादा, हे तेव्हा कळलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ज्याला हडकुळा-लठ्ठ भारतीय म्हणतात, तो मीच: हातपाय काटकुळे, चरबी सगळी पोटात.

"भाजी कोण आणतं?" डॉक्टरांनी विचारलं. मला वाटलं, कोणती भाजी खाता हे विचारायचं असेल. मग त्यांनी समजावलं. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, आणि मोठे स्नायू मांड्या-पोटऱ्यांचे. ते बसून राहिले की साखर रक्तात रेंगाळते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे. मी त्या उंबरठ्यावर होतो. घराचा उंबरठा सुटला नव्हता, म्हणून या उंबरठ्यावर येऊन बसलो होतो.

मुलानं उपाय काढला: रोज पहाटे मला स्कूटरवर मेहरूण तलावावर सोडायचं. चालण्यासाठी गाडीवर बसायचं, याचं पहिले काही दिवस हसू यायचं. पण तलावावर माझ्यासारखेच शंभरजण. थंडीत बोरांच्या टोपल्या घेऊन बायका बसायच्या, दोन शब्द व्हायचे. मुलाची ड्यूटी बदलली आणि ते बंद पडलं.

मग नजर गेली कॉलनीतल्या ओपन स्पेसकडे. नकाशावर बाग, प्रत्यक्षात काटेरी बाभळी आणि प्लास्टिक. आम्ही सात-आठ म्हातारे एका रविवारी कोयते घेऊन उतरलो. वर्गणीतून जेसीबी आणला, कडेनं पायवाट काढली, कडुलिंब लावले, सिमेंटचे दोन बाक टाकले. बाक महत्त्वाचे, गुडघे दुखणारी माणसं बसायची सोय असेल तरच घराबाहेर पडतात. पायवाट पलीकडच्या जुन्या वस्तीत निघाली, आणि तिथे चक्क पिठाची गिरणी होती.

वर्षभरानं साखर १०३, कंबर ९३. सगळं श्रेय पायवाटेला देणार नाही. शेवही निम्म्यावर आणली आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. धुळ्यालाही आता गल्लीगल्लीत मोटारसायकली झाल्यात, भाजीला गाडीवर जाणारेच जास्त. पण एवढं नक्की उमगलं की तिथे मी शिस्तीचा माणूस होतो म्हणून चालत नव्हतो. गल्ली चालवायची, मी चालायचो.

परवा डोक्यावर डबा घेऊन निघालो तर शेजारी गेटातून ओरडले, "काय भो, फिरायला का?"

"नाही भो," मी म्हटलं, "दळण टाकायला."