साताऱ्याहून सांगलीस : एका सरळ रेषेचा प्रवास

सातारा ते सांगली हा प्रवास कृष्णामाईच्या सोबतीचा. समुद्रसपाटीपासून सुमारे 740 मीटर उंचीवरील साताऱ्याहून निघालेला प्रवासी कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मागे टाकीत सुमारे 550 मीटरांवरील सांगलीस येतो. ही उतरण डोळ्यांस फारशी जाणवत नाही; उष्णतामापकास मात्र कळते.

गेल्या पौषात आम्ही घरची मंडळी मोटारीने या वाटेने गेलो, तेव्हा मुलांनी दर तासाचे उष्णतामान वहीत टिपून ठेवले. सकाळी आठ वाजता 17 अंश, नऊला 19, दहाला 21 आणि सांगलीत पोचता अकराला 23. काळ आडव्या अक्षावर व उष्णतामान उभ्या अक्षावर मांडताच चारही बिंदू एका सरळ रेषेत आले. रेषेचा चढ तासाला 2 अंश, हे सर्वांनी ओळखले. मग धाकट्याने पट्टी लावून तीच रेषा पुढे ओढली व मध्यरात्री 49 अंश होतील असे भाकीत केले!

मंडळी हसली, परंतु रेषा मोजलेल्या वेळेपुरतीच खरी असते, हे तेथेच सर्वांस पटले. तिसऱ्या प्रहरानंतर ऊन उतरते आणि रेषाही खाली वळते. शिवाय दर 1000 मीटर उंचीस हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. तेव्हा आमच्या 6 अंशांच्या वाढीपैकी सुमारे सव्वा अंश सूर्याचा नसून उतरणीचा असावा. अक्षावर ‘काळ’ लिहिले, एवढ्याने सारे कारण काळाकडे जात नाही.

सायंकाळी कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपुरास गेलो. तेथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत दिवसाचे ऊन पोचत नाही. तेथील दिवसभराचा आलेख जवळजवळ आडवी रेषाच होईल. चढ शून्य, पण तीच स्थिरता हळदीस मानवते. मात्र 2005 सालच्या महापुराचे पाणी पेवांत शिरले व कित्येक निकामी झाली. उष्णतेच्या आलेखात त्या संकटाची चाहूल लागली नसती. तिच्यासाठी सांगलीकर आयर्विन पुलाकडे पाहतात : 40 फुटांस इशारा, 45 फुटांस धोका.

म्हणून मुलांच्या हाती आलेख द्यावा, तेव्हा तीन प्रश्नही द्यावेत : किती वेळ मोजले, त्या वेळात आणखी काय बदलले, आणि मोजावयाचे काय राहिले?