पातुराहून वझ्झरपर्यंत

अकोल्याहून वाशीमला जाणारी सडक पयानघाटाची काळी जमीन सोडून जेथें बालाघाट चढूं लागते, तेथें अगदीं पायथ्याशीं आमचें पातूर गांव वसलें आहे. रेणुकामातेची टेकडी, शेख बाबूंचा दर्गा आणि डोंगरांत कोरलेलीं प्राचीन लेणीं, एवढें पाहून पाहुणा समाधानानें परत जातो. गांवचीं घरें मात्र तो बाहेरूनच पाहतो. त्याला ओसरी दिसते, माजघर दिसत नाहीं. आणि ज्या विषयासंबंधानें आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहेत, तो विषय बहुधा माजघरांतच असतो.

आमच्या आळींतील एका एकत्र कुटुंबांत एक मुलगी आहे. मुलगी म्हणावयाचें इतकेंच. वय पस्तिशीच्या पुढें गेलें आहे. जन्मापासून तिचे हातपाय आखडलेले, वाचा अस्पष्ट. परंतु समज चांगली. आमचें त्या घरीं जाणेंयेणें फार जुनें, तरी ती आमच्या दृष्टीस प्रथम पडली ती बारा वर्षांची झाल्यावर. भावांचीं नांवें शाळेच्या पटावर आलीं, तिचें कधीं आलेंच नाहीं. परक्यांपैकीं त्या माजघरांत पहिल्यानें कोणी पाऊल टाकलें असेल, तर तें घाटावरच्या एका मिशनच्या दोन बायांनीं. अशा मुलांचीं घरें विचारीत त्या खेडोपाडीं हिंडत. आजींनीं दार अडविलें. या पोरीला बाटवितील, ही धास्ती. बाया ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. दुसऱ्या खेपेसहि तसेंच. तिसऱ्या खेपेस आजी दारांतून बाजूला झाल्या. आखडलेले पाय कसे हलवावे, पाठीला आधार देऊन कसें बसवावें, घास कसा भरवावा म्हणजे ठसका लागत नाहीं, हें त्यांनीं आईस प्रत्यक्ष करून दाखविलें. जातांना आपल्या देवाची प्रार्थनाहि म्हटली. आजींनीं ती ऐकून घेतली. कारण पुढें लवकरच नात बसून जेवूं लागली.

मिशनरी मंडळींच्या धर्मप्रसाराविषयीं आमचें मत अनुकूल नाहीं, तें आम्ही लपवीत नाहीं. परंतु वऱ्हाडांत रुग्णसेवेचें काम त्यांनीं किती चिकाटीनें केलें, हें डोळे असणारानें नाकारूं नये. वाशीमचें रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय नाझरीन पंथाच्या अमेरिकन मिशननें १९३८ सालीं सुरू केलें. तिकडे आफ्रिकेंत याच धर्माच्या लोकांनीं केनियांतील किजाबे येथें १९९८ सालीं केवळ अपंग मुलांसाठीं शस्त्रक्रियेचें रुग्णालय काढलें; त्यानंतर युगांडांत म्बाले येथें डोक्यांत पाणी सांचणाऱ्या बालकांसाठीं दुसरें. असें मूल झालें कीं शाप लागला, आईचेंच कांहीं चुकलें, असें तिकडेहि म्हणतात. आपण 'पूर्वजन्मींचें पाप' म्हणतों. शब्द निराळे, माजघर तेंच.

असो. गेल्या मार्गशीर्षांत त्या मुलीच्या वडिलांनीं आम्हांस एकांतीं विचारलें, "गुरुजी, आमच्या मागें हिचें काय? परतवाड्याजवळ वझ्झरला आश्रम आहे म्हणतात. आपण एकदां डोळ्यांनीं पाहून याल का?" त्यांचें वय शहात्तर, पत्नीस दम्याचा विकार. आम्हीं होकार दिला आणि दुसऱ्याच आठवड्यांत निघालों.

अकोल्यास गाडी बदलली. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली. अकोटपुढें सातपुडा उजव्या-डाव्या वळणांवरून डोकावूं लागतो. अंजनगांव सुर्जी हें देवनाथ मठाचें गांव; पानमळ्यांसाठींहि प्रसिद्ध. त्यापुढें संत्र्यांच्या बागा. परतवाड्याच्या अलीकडेपलीकडे चौकशी करतां कोठारा येथील कुष्ठरोग्यांचें रुग्णालय जवळच असल्याचें कळलें. ज्या लेप्रसी मिशनचें तें रुग्णालय, ती संस्था वेलस्ली बेली नांवाच्या आयरिश गृहस्थानें १८७४ सालीं स्थापिली. अंबाल्यास शिक्षक असतांना त्यानें हे रोगी प्रथम पाहिले होते. शिक्षकाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला, ही आमच्या पेशाची दुर्बलता समजावी. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ मध्यें तपोवन उभारलें, तेंहि याच रोग्यांसाठीं. तेव्हां हें काम ख्रिस्त्यांनींच करावें असें कोठें लिहिलेलें नाहीं.

वझ्झर गांव सातपुड्याच्या अगदीं कुशींत आहे. तेथें शंकरबाबा पापळकरांनीं टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांसाठीं अंबादासपंत वैद्य यांच्या नांवानें बालगृह चालविलें आहे. बाबा गाडगेमहाराजांना मानणारे. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. रेल्वे-फलाटावर, कचऱ्याच्या पेटींत, बसस्थानकावर सांपडलेलीं हीं मुलें. त्यांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या जागीं बाबांनीं स्वतःचें नांव घातलें. कित्येकांचीं लग्नें लावून दिलीं. त्यांतील एक अंध कन्या २०२४ मध्येंच राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. आम्ही गेलों तेव्हां बाबा गांवाला गेले होते. एक मुका तरुण आम्हांस हाताला धरून झाडांतून हिंडवीत होता; माळरानावर या मुलांनींच हजारों झाडें वाढविलीं आहेत. प्रत्येक झाडापाशीं थांबून तो स्वतःच्या छातीवर हात ठेवी. हें मीं लावलें, एवढाच अर्थ.

अशा बालगृहांतून अठरा वर्षें पुरीं होतांच मुलांनीं बाहेर पडावें, असा नियम. मतिमंद मुलीनें अठराव्या वर्षीं कोठें जावें? बाबा हाच प्रश्न वर्षानुवर्षें सरकारला विचारीत आले आहेत. परंतु आम्हांस तेथें दुसरीच गोष्ट उमगली. हें घर ज्यांना कोणी नाहीं त्यांचें आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या कन्येला आई आहे, बाप आहे, दोन भाऊ, भावजया, चुलते, पुतणे, सगळें गोकुळ आहे. ती तेथें कोणत्या नात्यानें जाणार?

परतीच्या वाटेवर मनुस्मृतीचा नववा अध्याय आठवत होता. जन्मांध, बधिर, मुके यांना मनूनें वांटा नाकारला आहे, हें सर्वांस ठाऊक असतें. लगेच पुढें, त्यांस जन्मभर यथाशक्ति अन्नवस्त्र द्यावें, न देणारा पतित होतो, असें सांगितलें आहे. तें मात्र कोणी सांगत नाहीं. आतां तर वांट्याचाहि प्रश्न उरला नाहीं. १९२८ च्या कायद्यानें जन्मतः वेडे वगळून इतरांवरील बंदी उठविली, १९५६ च्या वारसा-कायद्यानें व्याधि-व्यंगाची सबबच काढून टाकली, आणि २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस जन्मतःच वडिलार्जित मिळकतींत हक्क दिला. शिवाय १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याप्रमाणें, मेंदूच्या अशा पक्षाघातानें किंवा मतिमंदत्वानें पराधीन झालेल्या प्रौढ माणसाला रीतसर पालक नेमून घेतां येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करावयाचा असतो. आईबाप हयात असतांनाच हें करून ठेवावें. मागाहून कज्जे होतात.

पातुरास पोंचलों त्या रात्रीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर हें सर्व सांगितलें. वझ्झरचा विषय तेथेंच संपला. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. अर्जांत पालक म्हणून नांव कोणाचें घालावयाचें, यावर थोरले चिरंजीव म्हणाले धाकट्याचें, धाकटे म्हणाले थोरल्याचें. दोघांनींहि बहिणीचें प्रेम व आपापल्या नोकरीच्या अडचणी सांगितल्या. मुलगी आंतून ऐकत होती. दोनदां कांहीं बोलली, तें आईला कळलें, आम्हांस नाहीं. तिचें म्हणणें विचारल्यावांचून नांव घालूं नये, एवढें मात्र आम्हीं निक्षून सांगितलें. नांव त्या रात्रीं ठरलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं धाकट्या सूनबाई घरीं आल्या आणि अर्जाचा नमुना कोठें मिळतो तें कागदावर लिहून घेऊन गेल्या.